विश्लेषण : मूल व्हावे म्हणून केलेला प्रवास कवितेत का सांगितला जातो? खान्देशाचा त्याच्याशी काय संबंध?

अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी दुसऱ्या देशात जाणाऱ्या जोडप्यांचे अनुभव समजून घेण्यासाठी आता कवितेचाही आधार घेतला जातो. पहिल्यांदा ऐकताना हे जरा विचित्र वाटते. इंजेक्शने, सोनोग्राफी, व्हिसा आणि लाखांची बिले यांत कविता कुठून आली? पण जळगाव-धुळ्याकडून या विषयाकडे पाहिले, तर तो तितका परका राहत नाही. इथल्या जोडप्यांना देशाची सीमा क्वचितच ओलांडावी लागते. राज्याची, भाषेची आणि ‘घरी काय सांगायचे’ याची सीमा मात्र अनेकांना जवळपास प्रत्येक खेपेला ओलांडावी लागते. आणि मूल नसण्याबद्दल गाण्यातून बोलण्याची रीत या भागात फार जुनी आहे.

हा प्रवास कुठून कुठे होतो?

धुळे शहर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौकात वसले आहे. जळगाव मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे आणि तिथूनच अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा सुरतेचा फाटा जातो. मोठ्या दुखण्याला नाशिक, मुंबई, पुणे, सुरत किंवा इंदूर गाठायचे, हा इथला जुना शिरस्ता. सुरतेत उधना, लिंबायत भागांत खान्देशी माणसांची मोठी वस्ती असल्याने तिथे उतरायला नातेवाइकाचे घरही मिळते. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, वंध्यत्वावर उपचार करणारी खासगी केंद्रेही आहेत. तरीही अनेक जोडपी बाहेर जातात. काहींना मोठ्या शहरातले डॉक्टर हवे असतात, काहींना दुसरे मत. आणि बऱ्याच जणांना ओळखीचे कोणी भेटणार नाही असा दवाखाना हवा असतो. हे शेवटचे कारण कुठल्या अर्जात लिहिले जात नाही.

या उपचाराचे वेळापत्रकच असे आहे, की एका फेरीत काम होत नाही. आयव्हीएफमध्ये स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. मधूनमधून सोनोग्राफी होते. बीजे तयार झाली की ती काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवतात. तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात किंवा नंतरसाठी गोठवून ठेवतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबायचे आणि मग रक्ततपासणी. निकाल नकारात्मक आला, तर पुन्हा पहिल्यापासून किंवा गोठवलेल्या गर्भापासून सुरुवात. शेती किंवा रोजची मजुरी असलेल्या घरात या प्रत्येक खेपेसाठी काहीतरी कारण सांगावे लागते. लग्न आहे, नणंद आजारी आहे, बँकेचे काम आहे.

वंध्यत्व हे दुर्मीळ दुखणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. लाल परीच्या भरलेल्या बसमध्ये अशी किती माणसे असतील, याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

लोक देशाबाहेर का जातात?

मुख्यतः कायद्यामुळे आणि खर्चामुळे. एका देशात जे बंद, ते शेजारच्या देशात चालू असते. जर्मनीत स्त्रीबीजदानाला बंदी आहे. स्पेनमध्ये ते चालते आणि दात्रीचे नाव कायद्याने गुप्त राहते. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासूनच्या नियमानुसार दान केलेल्या बीजातून जन्मलेल्या मुलाला १८ वर्षांचे झाल्यावर दात्याची ओळख मागता येते. त्यामुळे गुप्तता हवी असलेले काही जण स्पेनकडे वळतात. इटलीने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या नागरिकांनी परदेशात जाऊन सरोगसी करून घेणे हाही गुन्हा ठरवला.

भारत या नकाशावर बरीच वर्षे दुसऱ्या बाजूला होता. लोक इथून जात नव्हते, इथे येत होते. गुजरातमधील आणंद हे त्याचे सर्वात गाजलेले ठिकाण. २००८ मध्ये तिथे एका जपानी जोडप्यासाठी सरोगसीतून मुलगी जन्मली, पण जन्माआधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. मुलीची आई कोण, तिला पासपोर्ट कोणी द्यायचा, हा प्रश्न ‘बेबी मांजी’ प्रकरण म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी भारतात सरोगसी बंद झाली. थायलंड आणि नेपाळनेही त्याच वर्षी दार लावले, कंबोडियाने २०१६ मध्ये. एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपानंतर इस्रायलने सरोगसीतून जन्मलेली तान्ही बाळे विमानाने मायदेशी नेली. त्यांना जन्म देणाऱ्यांत नेपाळमध्ये नेलेल्या भारतीय स्त्रियाही होत्या. त्या स्त्रियांनीही गर्भारपणासाठी सीमा ओलांडली होती, पण त्यांच्या प्रवासाला ‘उपचारासाठीचा प्रवास’ कोणी म्हटले नाही.

भारतात आज दोन कायदे लागू आहेत. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा आणि सरोगसीचा, दोन्ही २०२१ चे आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेले. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. पैसे घेऊन सरोगसी करण्यास बंदी आहे. बीजे किंवा गर्भ देशाबाहेर पाठवता येत नाहीत. स्वतःचे स्वतःसाठी न्यायचे असतील, तर राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. ज्यांना या चौकटीत बसता येत नाही आणि ज्यांच्या खिशाला परवडते, अशी भारतीय जोडपी आता बाहेरच्या देशांकडे पाहतात. धुळे तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा पर्याय नाही. त्याच्यासाठी सुरत हेच परदेश.

या प्रवासाला काय म्हणायचे?

हा वाद शब्दांचा दिसतो, पण महत्त्वाचा आहे. इंग्रजीत आधी ‘प्रजनन पर्यटन’ अशा अर्थाचा शब्द रुळला. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांनी दुबईत उपचारासाठी आलेल्या जोडप्यांशी बोलून २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांत भारतीयही होते. यातले कोणीही सहलीला आलेले नव्हते. स्वतःच्या देशात सोय नाही, परवानगी नाही किंवा विश्वास नाही, म्हणून ही माणसे बाहेर पडलेली होती. पॅस्क्वाले पॅट्रिझिओ यांच्यासह इनहॉर्न यांनी ‘प्रजनन हद्दपारी’ हा शब्द सुचवला.

मराठीत मात्र यापैकी कशाचीच गरज नाही. दवाखान्याचे ‘खेटे’ म्हटले, की पर्यटनाचा संशयही उरत नाही. खेटे या शब्दात थकवा आहे, रिकाम्या हाताने परतणे आहे आणि पुन्हा जावे लागणार हेही आहे. एवढे सगळे पेलणारा शब्द सहसा आकडेवारीच्या तक्त्यात मावत नाही. कवितेचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

यात कविता नेमके काय काम करते?

दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, उपचारातून गेलेले कवी स्वतः लिहितात. ब्रिटिश कवयित्री ज्युलिया कोपस यांनी आपल्या आयव्हीएफच्या अनुभवावर कवितांची एक मालिका लिहिली. ती बीबीसी रेडिओवर सादर झाली आणि २०१२ च्या त्यांच्या संग्रहात आली. वंध्यत्व आणि प्रजनन याच विषयाला वाहिलेला ‘फर्टिलिटी फेस्ट’ हा कला महोत्सव २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला.

दुसरी गोष्ट संशोधनातली आहे. समाजशास्त्रज्ञ मुलाखती घेतात, त्या शब्दशः उतरवतात आणि मग त्यातून उतारे निवडून लेख लिहितात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेल रिचर्डसन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे करून पाहिले. एका अविवाहित मातेच्या दीर्घ मुलाखतीतून त्यांनी कविता तयार केली आणि त्यात त्या बाईचेच शब्द वापरले. अनेकांनी नाके मुरडली, पण पद्धत टिकली. आज आरोग्याच्या संशोधनात ती ठिकठिकाणी वापरली जाते. नियम साधा आहे. शब्द बोलणाऱ्याचेच ठेवायचे. काय गाळायचे आणि ओळ कुठे तोडायची, एवढेच संशोधकाने ठरवायचे.

हे कसे होते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, अमळनेरकडची एक स्त्री सांगते आहे : ‘सुरतला निघालो तेव्हा घरी सांगितलं, लग्नाला चाललो. इंजेक्शनं थंड ठेवायची म्हणून बर्फाच्या डब्यात घेतली होती. गाडीत बाजूच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे. मला काही सुचेना, म्हटलं श्रीखंड आहे. नंदुरबारपर्यंत मी डब्याला हात लावून बघत होते, बर्फ आहे का वितळला.’ संशोधन अहवालात याचे एका वाक्यात रूपांतर होईल : रुग्णांना प्रवासात गोपनीयता आणि औषधसाठवणुकीच्या अडचणी येतात. वाक्य चूक नाही. तेच बोलणे ओळींत मांडले तर असे दिसेल :

डब्यात काय आहे,
बाजूची बाई विचारते.
श्रीखंड आहे.
मी डब्याला हात लावून बघते,
बर्फ आहे का वितळला.

अहवालात अडचण कळते. इथे खोटे बोलावे लागणे आणि बर्फाची काळजी या दोन गोष्टी एकाच वेळी कशा चालू असतात, ते कळते. शिवाय गावाचे नाव, नवऱ्याचे नाव, दवाखाना यांपैकी काहीही उघड झालेले नाही. जिथे बातमी फुटण्याचीच भीती सर्वात मोठी, तिथे हा फायदा लहान नाही.

खान्देशाकडे हे आधीपासून होते का?

होते, आणि फार मोठ्या प्रमाणावर होते. जात्यावर दळताना, आखाजीला माहेरी आलेल्या मुलींनी झोक्यावर बसून, श्रावणात कानबाईपुढे बायकांनी जे गायले, त्यात सासर, माहेर, भाऊ, सवत आणि रिकामा पाळणा हे विषय वारंवार येतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंद तिच्या रोटांसाठी गावी येतात, रात्र अहिराणी गाण्यांनी जागते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. मूल व्हावे म्हणून कानबाईला नवस बोलण्याचा प्रघात आहे. ज्या सुनेला घरात कोणापुढेही हा विषय काढता येत नाही, ती देवीपुढे चार बायकांच्या कोरसमध्ये तो म्हणू शकते. गाणे सगळ्यांचे असल्याने ते तिचे एकटीचे ठरत नाही.

महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्यांचे सर्वात मोठे संकलन पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. समाजशास्त्राला नव्वदच्या दशकात जी पद्धत सापडली, ती इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत होत्या, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरायला हवा. ओवी ही त्या बाईने स्वतः रचलेली असते. मुलाखतीची कविता दुसरे कोणीतरी रचते, आणि हा फरक मोठा आहे.

या फरकाच्या मध्ये बहिणाबाई चौधरी उभ्या आहेत. जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या जे रचत, ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बाईने म्हणायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे आणि शब्द मात्र तिचेच ठेवायचे, याचा इतका चांगला नमुना दुसरीकडे सहज सापडणार नाही. लेवा गणबोलीतले ते शब्द लिहून घेणाऱ्याने ‘शुद्ध’ मराठीत आणले असते, तर काय उरले असते?

हा प्रश्न दवाखान्यातही लागू होतो. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून खान्देशी गटातील बोली नोंदवल्या, अहिराणी त्यातलीच. या बोलीत मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणतात. बीज, गर्भ, गोठवणे, दाता हे शब्द मात्र तिथे घडलेलेच नाहीत. मग बाई सुरतेच्या दवाखान्यात गुजराती-हिंदीत ऐकते, इंग्रजी कागदावर सही करते आणि घरी येऊन अहिराणीत काहीच सांगत नाही.

जुन्या गाण्यांचे फार कौतुक करतानाही सावध राहिलेले बरे. त्यांत दुःख आहे, तशीच दूषणेही आहेत. ‘वांझ’ हा शब्द त्यांनी पुसला नाही, कधी कधी तर अधिक धारदार केला. डोहाळजेवणात ओटी भरताना मूल नसलेल्या बाईला मागे ठेवण्याची रीत ज्या घरांत होती, त्याच घरांत ही गाणीही गायली जात होती.

पुरुष या कवितेत का नाही?

‘वांझ’ला मराठीत पुल्लिंगी जोड नाही. पुरुषाला ‘निपुत्रिक’ म्हणतात. त्याचा अर्थ मुलगा नसलेला, म्हणजे वारस नसलेला. त्याच्या शरीराबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. जो बोलतो तो ‘नपुंसक’, आणि तो चुकीचा आहे. शुक्राणूंची संख्या कमी असणे आणि लैंगिक दुर्बलता या वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य शब्दच नसल्याने पुरुष तपासणीला तयार होत नाहीत, आणि कारण पुरुषात असतानाही अनेकदा सगळ्या चाचण्या आधी बायकोच्या होतात. वंध्यत्वाची कारणे स्त्री, पुरुष किंवा दोघांतही असू शकतात आणि वीर्यतपासणी ही सर्वात स्वस्त, साध्या चाचण्यांपैकी एक आहे. ती पहिल्याच आठवड्यात झाली, तर कितीतरी खेटे वाचतील. कवितेकडून कसली अपेक्षा ठेवायचीच असेल, तर बसस्थानकावर चहा घेऊन बायकोची वाट पाहणाऱ्या या माणसाला शब्द मिळावेत, ही ठेवता येईल. जुन्या गाण्यांत त्याची जागा जवळजवळ नाही.

यात धोके कोणते?

पहिला धोका गोड करून सांगण्याचा. वय वाढत जाते तशी यशाची शक्यता घटते, विशेषतः स्वतःची बीजे वापरताना. पस्तिशीनंतर ही घसरण वेगाने होते. पाळणा हललाच, अशा शेवटाच्या कविता दवाखान्यांच्या जाहिरातींना सोयीच्या असतात. ज्यांचा पाळणा हलला नाही, त्यांचे शब्द कोणी छापत नाही.

दुसरा धोका, एकाच बाजूचे ऐकण्याचा. मूल हवे असलेल्या जोडप्याकडे सांगण्यासाठी गोष्ट असते आणि ऐकणारेही असतात. बीज देणारी किंवा गर्भ वाढवणारी स्त्री बहुतेक वेळा गरीब असते, आणि गुप्ततेच्या नियमात तिचा आवाजही गुप्त होतो. आता कायद्याने दात्रीसाठी एक वर्षाचा आणि सरोगेट मातेसाठी तीन वर्षांचा विमा काढणे बंधनकारक आहे. विम्याने तिची सोय होईल, पण तिच्या प्रवासाची नोंद त्यातून होत नाही.

तिसरा धोका संमतीचा. दवाखान्यात डॉक्टर, समुपदेशक किंवा संशोधक ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हणतो, तेव्हा उपचार अर्धवट असलेली बाई नाही म्हणू शकते का? नाही म्हटले तर पुढची तारीख मिळेल ना, ही शंका तिच्या मनात असू शकते. म्हणून तिच्या शब्दांची कविता झाली, तर ती आधी तिलाच वाचून दाखवली पाहिजे, तिच्या बोलीत. नको म्हणाली तर कागद तिच्या हाती देऊन विषय संपवला पाहिजे. वैद्यकीय संमतीत ही मुभा कायद्यानेच दिली आहे. गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत जोडप्याला संमती मागे घेता येते. शब्दांच्या बाबतीत तेवढीही तरतूद नाही.

मग हे कुठे वापरता येईल?

सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार प्रत्येक केंद्राने उपचारापूर्वी जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणे सक्तीचे आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळी-तिळी होण्याचा धोका हे सगळे त्यात सांगायचे असते. ‘सांगायचे’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण कायद्यात ऐकून घेण्याबद्दल फारसे काही नाही. समुपदेशनाच्या एखाद्या तासात जोडप्याने स्वतःच्या बोलीत चार ओळी म्हणणे आणि कोणीतरी त्या तशाच टिपणे, याला यंत्र लागत नाही, मंजुरीही लागत नाही. जळगावच्या विद्यापीठात मराठीचे विद्यार्थी आहेत. धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांत भावी डॉक्टर आहेत आणि त्यांतले अनेक जण याच जिल्ह्यांतले, अहिराणी समजणारे आहेत. या दोघांनी एकत्र बसावे, असा विषय एरवी क्वचितच मिळतो.

खर्चाचा प्रश्न कविता सोडवणार नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नको. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने २०२३ मध्ये आयव्हीएफ मोफत देण्यास सुरुवात केली. खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांत अशी सोय झाली, तर सुरत आणि मुंबईचे निम्मे खेटे कमी होतील. उरलेले निम्मे खेटे ओळखीच्या नजरा टाळण्यासाठी असतात, आणि ते जिल्ह्यात मोफत उपचार मिळू लागल्यावरही काही काळ चालूच राहतील.